लांब रेघ

आमच्या जावयाला न विचारता उपकार करायची खोड आहे. तोंडावर मी त्याला जावईबापू म्हणते, अहो-जाहो करते. इथे लिहिताना मात्र 'तो'च म्हणणार, कारण राग अजून उतरलेला नाही. माझी वीस वर्षांची कात्री बोथट झाली म्हणून त्याने परस्पर भंगारात दिली आणि नवी आणली, तीही डावखुऱ्या माणसाची. दाराची घंटी काढून कोंबडा आरवणारी बसवली. पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं. काही बोलायला जावं तर हसतो आणि म्हणतो, "राहू द्या हो आई, घरचाच माणूस आहे मी." गल्लीच्या तोंडाशी त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. घरात जे जे म्हणून विजेवर चालतं ते तो उघडतो, आणि उघडलं की त्यात आपलं काहीतरी घातल्याशिवाय बंद करत नाही.

घराच्याच पुढच्या खोलीत माझं पडदे शिवायचं दुकान. शिक्षण चौथीपर्यंत, पण खिडकी नुसती बघून कापड किती लागेल ते सांगते. पट्टी न लावता खडूची रेघ मारते आणि ती सरळ जाते. लहानपणी गोट्यांत पोरांना रडवून घरी पाठवलेलं आहे. माझा नेम हा माझा तोरा होता. आता लिहिताना हात जरा अडखळतो, पण होता.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने खुर्चीत बसावं लागलं. मी रिकामी बसले की घरातल्यांची धडगत नसते. म्हणून जावयाने एक टॅब आणून हातात दिला, त्यात गोट्यांचा खेळ. पडद्यावर रिंगण, मधे गोट्या. आपली गोटी बोटाने मागे ओढायची नि सोडायची. ओढली की पुढे पांढरी रेघ दिसते, गोटी कुठल्या बाजूला जाणार ते सांगणारी. पण ती बोटभरच. पुढचं आपल्या डोळ्यांनी बघायचं. समोर कुठला तरी लांबचा माणूस खेळत असतो. त्याला आपलं बोलणं ऐकू जात नाही हे देवानेच केलं, नाहीतर माझ्यावर चार खटले झाले असते.

खेळ म्हणे फुकट. फुकट कसला! हरलं की एक नटवी बाई हसत हसत पडद्यावर येते, आणखी एक संधी हवी का विचारते आणि पैसे मागते. जिंकलं तरी येतेच, चकचकीत गोटी घ्या म्हणते. महिन्याचा पास काढला तर बोटभर रेघेची दोन बोटं होतात आणि दर महिन्याला एक नवी गोटी मिळते. मी छदाम दिला नाही. "ज्याचे डोळे अधू त्याने पास काढावा," असं मी येता-जाता ऐकवायची.

ऐकायला होत्या तिघी. चार वाजता माझ्या दुकानात चहा होतो, त्या चहाला जमणाऱ्या आम्ही चौघी हाच खेळ खेळायचो, चौघींचा मिळून एक संघ, म्हणून संघाचं नाव 'चारचा चहा'. समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आमच्या कप्तान. दुसरी कडीताई, माझ्याकडेच पडद्यांना कड्या लावते. बोलते कमी, हरते जास्त. तिसरी ड्रायव्हर. ती शहरात बस चालवते. आवाज हॉर्नसारखा, हसली की कपातला चहा हलतो. ती सहा महिन्यांपूर्वी आमच्यात आली, आपल्या घराचे पडदे शिवायला टाकायला म्हणून, आणि मग रोजच यायला लागली.

नर्सबाई पास काढायच्या. मी चिडवलं की म्हणायच्या, "मावशी, रेघ नको मला. गोटी हवी असते." दर महिन्याच्या गोटीला त्या बरा होऊन घरी गेलेल्या एखाद्या पेशंटचं नाव द्यायच्या. चोवीस गोट्या झाल्या होत्या. निळी म्हणजे भाजलेली एक बाई, पिवळी म्हणजे दोनदा हृदय बंद पडूनही चालत घरी गेलेला पोस्टमन. वाईट दिवस गेला की त्या चहा पिताना नुसत्या त्या गोट्या बघत बसायच्या. मला खेळापेक्षा ते बघायला आवडायचं. तसं मी कधी म्हटलं मात्र नाही.

मी खुर्चीतून उठले तरी खेळ सुटला नाही. पण खरं सांगायचं तर मी हरायचे. रोज हरायचे. गुळगुळीत काचेवर बोट सरकायचं. या वर्षीच्या सुरुवातीला एका रविवारी मी चिडून टॅब सोफ्यावर आपटला. जावई जेवायला आलेला होता. त्याने टॅब उचलला, "आत धूळ गेली असेल, साफ करून आणतो," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी आणून दिला. तेव्हापासून माझी रेघ रिंगणाच्या या कडेपासून त्या कडेला जायला लागली. गोटी कशाला आपटून कुठे वळणार तेसुद्धा दाखवायला लागली.

आणि मी जिंकायला लागले. संघ भराभर वर चढला. माझी जीभही चढली. "नर्सबाई, डोळे आहेत का बटणं?" "कडीताई, गोटी आहे ती, अंडं नाही, सोड जोरात." सगळ्या म्हणायच्या, मावशींचा हात बसला आता. मीही म्हणायचे, हो, बसला.

मग एका सोमवारी नर्सबाई चहाला आल्या त्या तोंड पाडून. खेळाच्या कंपनीचं पत्र त्यांच्या फोनवर आलं होतं. त्यांनी वाचून दाखवलं. आमच्या संघातलं कुणीतरी बदललेला खेळ वापरतंय, असं कंपनीला आमच्या डावांवरून कळलं होतं. कोण, ते कळलेलं नव्हतं. शुक्रवारपर्यंत संघाने आपणहून ते माणूस काढलं तर त्याचं एकाचं खातं बंद होणार. नाही काढलं तर चौघींची खाती बंद, सगळ्या गोट्यांसकट.

"माझ्या चोवीस," एवढंच नर्सबाई म्हणाल्या.

  मग मी तोंड उघडलं. सगळ्यात आधी मीच.

"गेल्या आठवड्यात सात डाव ओळीने कुणी जिंकले?" मी म्हटलं.

ड्रायव्हर हसली. "मी जिंकले. दिवसभर आरशात बघून गाडी मागे घेते मी मावशी, नेम बसणार नाही तर काय?"

"नेम असा एका रात्रीत बसत नसतो. तू यायच्या आधी आमच्यात असलं काही नव्हतं."

"मावशी, थट्टा करताय ना?"

मी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "डेपोतही तुझ्यावर असंच काहीतरी आलं होतं ना? डिझेलचं?"

हे कळायला थोडं मागे जायला हवं. पडद्यांची मापं घ्यायला मी तिच्या घरी गेले होते, तेव्हा तिने मला एकटीला सांगितलं होतं. तिच्यावर डिझेल चोरल्याचा आळ आला, आठ महिने घरी बसवलं, आणि मग चोर दुसराच निघाला. आठ महिने शेजारणी तिला बघून गाड्यांच्या टाक्यांची झाकणं तपासायच्या. सांगताना ती खिडकीकडे तोंड करून उभी होती, आणि मी हातातला टेप गुंडाळत "माझ्यापाशी राहील हो," म्हटलं होतं.

ते मी चहाच्या कपांमधे सांडलं. कडीताईने हातातली कडी खाली ठेवली. ड्रायव्हरचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला. तिने कप तसाच भरलेला ठेवला, पर्स घेतली आणि गेली. इतकी हळू चालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"मावशी, हे बरं नाही केलंत," कडीताई म्हणाली. माझ्याकडे नऊ वर्षं काम करते, तिने मला सुनावलं ते पहिल्यांदा.

"खरं बोलले तर बरं कसं वाटेल?" मी म्हटलं. बघा माझं तोंड.

बुधवारी सकाळी मी एकटी कापड कापत होते, तेव्हा ड्रायव्हर आली. अंगात गणवेश होता. भांडायला आली असेल म्हणून मी पदर खोचून उभी राहिले. पण आवाज अगदी खाली होता. "माझ्यासमोर एक डाव खेळा, मावशी. माझा फोन आणि तुमचा टॅब शेजारी ठेवून. तुम्हाला खेळाची जाण आहे. माझ्यात काही खोट दिसली तर तुम्हीच नर्सबाईंना नाव द्या, मी गप्प निघून जाईन."

नाही कसं म्हणणार? कापायच्या टेबलावर तिने फोन ठेवला. मी टॅब ठेवला. तिने गोटी ओढली. रेघ आली बोटभर. नेम धरून, ओठ चावत तिने सोडली. लागली नाही.

मग माझी पाळी. मी ओढली. रेघ निघाली ती रिंगण ओलांडून, समोरच्या कडेला आपटून, वळून परत आली. टेबल मोठं, उजेड भरपूर. लपवायला जागा नव्हती.

आता जे लिहायचं ते लिहितेच. मला माहीत नव्हतं असं मी मघापासून लिहीत आले. कुणाची रेघ किती असते ते मी दोन वर्षं बघत होते. बोटभर असते, पैसे भरले की दोन बोटं, हे मीच वर सांगितलं आहे. ज्या दिवशी टॅब 'साफ' होऊन आला, त्याच दिवशी मला कळलं. तेव्हापासून कुणी जवळ आलं की मी टॅब आपल्याकडे कलता धरायची. "डोळ्यांवर उजेड येतो," असं सांगायची. चार महिने उजेड येत होता.

ड्रायव्हरने माझ्या टॅबच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि रेघेवरून हळूहळू ते शेवटपर्यंत नेलं, कापडाचा काठ तपासतात तसं. मग फोन खिशात टाकला.

"मी कुणाला सांगणार नाही, मावशी," ती म्हणाली. "माझंच नाव द्या. मला सवय आहे. साडेअकराची फेरी आहे माझी."

ती गेल्यावर मी पडदा कापायला घेतला. बैठकीचा लांब पडदा, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. तो मी तिरका कापला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

जावयाला फोन केला. तो पेचकस घेऊनच आला, काहीतरी बिघडलं असणार म्हणून. मी टॅब पुढे सरकवला. त्याने बघितलं आणि हसला.

"ते होय! तुम्ही त्या दिवशी रडवेल्या झाला होतात आई. बघवलं नाही. म्हटलं, जिंकू द्या."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतात."

खेळ बदलायचं ते कुठून आणलं, असं मी खोदून विचारलं. तेव्हा कळलं की हे काही माझ्यापुरतं नव्हतं. दुकानात तो लांब रेघ विकत होता. महिन्याची वर्गणी. साठ-सत्तर गिऱ्हाईकं. कंपनीने जुनी युक्ती पकडली की तो नवी घालून देई, म्हणून लोक दर महिन्याला परत येत. "तुमच्याकडून मात्र कधी काही घेतलं नाही," तो म्हणाला. वर हेही ऐकून घ्यायचं.

"अहो, ही चोरी आहे."

"कसली चोरी? कंपनी काय करते? पैसे भरा, रेघ लांब करून घ्या. त्यांनी केली तर तो पास, मी केली तर ती चोरी. तुम्हीच नाही का त्या नटव्या बाईला शिव्या घालत?"

यात त्याचं अगदीच चुकत नव्हतं.  कंपनीची बाजू घ्यायची माझी इच्छाही नाही. पण कंपनीने काही ड्रायव्हरचं नाव घेतलेलं नव्हतं. ते मी घेतलं होतं.

मी पत्राचं सांगितलं. तो एकदम खुर्ची ओढून बसला. आवाज बदलला. "तुमचं नाव देऊ नका आई. तुमचं नाव बाहेर आलं की लोक विचारणार, सासूला कुणी घालून दिलं? माझं निम्मं दुकान त्याच्यावर चालतंय. त्या बाईचं नाव द्या ना. तिचं जातंय काय? पाच मिनिटांत नवीन खातं उघडेल. तुमच्या लेकीचा तरी विचार करा."

लेकीचा विचार मी रात्रभर केला. तिच्या घरात स्वयंपाकघर मोठं करायचं चाललं होतं, फरशी आणून ठेवलेली. ती फरशी मला डोळ्यांसमोर दिसत होती. आणि तिच्यावरून सावकाश चालत जाणारी ड्रायव्हर दिसत होती.

गुरुवारी चार वाजता नर्सबाई आल्या, कडीताई होतीच. मी चहा ठेवला नाही. "चला माझ्याबरोबर, बसस्थानकावर," म्हटलं.

"गुडघा?" नर्सबाई म्हणाल्या.

"गुडघ्याला काय धाड भरलीय. चला."

चालक-वाहकांची एक खोली असते तिथे, लांब बाकं, भिंतीला फेऱ्यांचा तक्ता. दहा-बारा माणसं डबे खात होती. ड्रायव्हर कोपऱ्यात पाणी पीत होती. मी तिच्याशी कानात बोलू शकले असते. नर्सबाईंनी तर माझा दंड धरून तिला बाहेर बोलवा असं खुणावलंही. पण मी तिचं नाव चारचौघींत घेतलं होतं, मग माझं बाहेर नेऊन कशाला घ्यायचं? मी खोलीच्या मधोमध उभी राहिले, टॅब वर धरला आणि म्हटलं, "ही खोटी रेघ माझी आहे. चार महिने मी हिच्यावर जिंकले. सोमवारी या बाईवर मी आळ घेतला, तो खोटा होता."

डबे खाणारे थांबले. एक म्हातारा वाहक म्हणाला, "बाई, कसली रेघ?" त्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. गोट्या, पास, रेघ. मधेच एकाने विचारलं, "म्हणजे गोट्यांसाठी?" आणि दोघेतिघे हसले. माझं वय चौसष्ट. गोट्यांत चोरी केली म्हणून परक्या पुरुषांपुढे कबुली देत होते, आणि त्यांना ते नीट कळावं म्हणून बोटांनी रिंगण करून दाखवत होते. जमिनीने गिळावं असं म्हणतात. त्या खोलीला फरशी होती, तिने काही गिळलं नाही.

नर्सबाईंनी फोन उघडून संघातून माझं नाव काढलं. खात्रीसाठी खेळ पुन्हा एकदा विचारतो, तेव्हा त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मीच बोट टेकवलं.

 ड्रायव्हर उठली, टोपी घातली आणि माझ्यासमोर आली.

"रेघेचं जाऊ द्या, मावशी," ती म्हणाली. "हावरटपणा कुणीही करतं. डेपोचं का काढलंत? ते मी तुम्हाला एकटीला सांगितलं होतं."

 मी मान खाली घातली.  ती म्हणाली, "गाडी सुटायची वेळ झाली," आणि गेली. तेव्हापासून ती चहाला आलेली नाही. नर्सबाई म्हणतात, येईल. मला तसं वाटत नाही, आणि तिने का यावं तेही कळत नाही.

शनिवारी सकाळी जावई आला. पाठोपाठ लेक. बसस्थानकावरची गोष्ट गल्लीत पोहोचायला एक दिवस पुरला होता. त्याची गिऱ्हाईकं वर्गणी परत मागायला लागली होती, आपलीही खाती बंद होतील म्हणून घाबरून. दारातूनच त्याने सुरुवात केली. "आई, मी तुमचं भलं केलं आणि तुम्ही मला भर बाजारात उघडं पाडलंत. मी काय वाईट केलं तुमचं?"

लेक माझ्याकडे बघत होती. कडीताई सुईत दोरा ओवायचं नाटक करत होती. मी खडू खाली ठेवला.

"बसा जावईबापू. बसून ऐका, मधे बोलू नका. मी चार महिने डोळे उघडे ठेवून खोटं खेळले, मैत्रिणीचं गुपित फोडलं, ते माझं पाप आहे. त्यातलं तसूभरही तुमच्या डोक्यावर टाकणार नाही. तेवढी लाज आहे मला अजून. पण मी हरत होते तेव्हा मला हरू द्यायला हवं होतंत. नवरा गेला, गुडघा गेला, मी काय मोडून पडले? गोट्यांत हरून मेले असते का मी? तुम्हाला माझी दया आली, आणि त्या दयेचा तुम्ही दुकानात भाव लावून ठेवलेला होता. माझा निकाल ऐका आता. ज्याची ज्याची वर्गणी घेतलीत त्याच्या हातात ती परत द्यायची. माझ्या लेकीच्या घरची फरशी राहिली तर राहू दे, ती जुन्या ओट्यावर रांधेल, मी तिला काय शिकवलंय ते मला माहीत आहे. नंतर त्या बाईच्या बसमध्ये बसायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, सगळे उतरले की तिला सांगायचं की रेघ मी घातली आणि मी वाचावं म्हणून तुमचं नाव द्यायला सासूला मीच सांगितलं. ती तोंडात मारेल तर मारून घ्यायचं. हे सगळं होईपर्यंत माझी लेक या घरी येईल, तुम्ही यायचं नाही. आणि आल्यावरसुद्धा, माझ्या घरातली एकही वस्तू मला विचारल्याशिवाय उघडायची नाही. उठा."